उकळीच्या अलीकडची कॉफी

१७ सप्टेंबर १८६२. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी यादवी युद्धातली एक भीषण लढाई पेटली होती. ओहायोच्या २३व्या पलटणीचे सैनिक सकाळपासून उपाशीपोटी लढत होते. त्यांच्याच पलटणीतला रसद सांभाळणारा एकोणीस वर्षांचा सार्जंट गाडीत गरम कॉफी आणि शिधा भरून भर माऱ्यातून त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचला. त्याचे नाव विल्यम मॅकिन्ली. पुढे तो अमेरिकेचा पंचविसावा राष्ट्राध्यक्ष झाला. १९०३ साली त्या रणभूमीवर त्याचे स्मारक उभे राहिले, तेही त्या दिवशीच्या कॉफीच्या वाटपासाठी.

उत्तरेच्या फौजेतल्या सैनिकाला वर्षाकाठी सुमारे ३६ पौंड, म्हणजे सोळा किलोच्या आसपास कॉफी शिध्यात मिळे. दाणे बंदुकीच्या दस्त्याने ठेचायचे, पत्र्याच्या डब्याला तारेची कडी लावून तो शेकोटीवर टांगायचा आणि उकळी येईपर्यंत वाट पाहायची, अशी ती पद्धत. जॉन बिलिंग्ज या माजी सैनिकाने १८८७ साली छावणीतल्या जीवनावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘हार्डटॅक अँड कॉफी’. हार्डटॅक म्हणजे दात टेकणार नाही असे कडक बिस्किट. ते मऊ करण्यासाठीही कॉफीच उपयोगी पडे.

ही कॉफी गरम होती, कडक होती, जीव तगवणारी होती. चवीला चांगली होती का, हे विचारण्याची त्या माणसांना सवड नव्हती. आज पवना धरणाच्या काठावर, भंडारदऱ्याला, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर किंवा कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर तंबू ठोकणाऱ्याला ती सवड आहे. सकाळी धुके अंगावर घेत केलेली कॉफी घरच्यापेक्षा बरी लागावी ही त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात हातात येते ते बहुधा कडू, गढूळ आणि शेवटच्या घोटाला दाताखाली चोथा येणारे पेय. दोष मग साधनांवर जातो. यंत्र नाही, कागदी गाळणी नाही, वीज नाही, म्हणून असे होणारच, असे म्हणून विषय संपतो.

खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. महाराष्ट्रातला हात चहाचा आहे. पातेल्यात पाणी, साखर, पूड घालायची, उकळू द्यायचे, दूध घालून पुन्हा उकळू द्यायचे, ही रीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. चहाला ती मानवते, कारण आपली दाणेदार चहापूड कडक उकळीसाठीच बनलेली असते आणि उकळून उतरलेला तुरटपणा दुधातली प्रथिने बांधून ठेवतात. हीच रीत कॉफीला लावली की घात होतो. कॉफीची चव ठरते ती उकळीच्या जराशी अलीकडे.

काय उतरवायचे, काय ठेवायचे

भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा तंतुमय, न विरघळणारा चोथा. पण जे विरघळू शकते ते सगळे कपात उतरवून घेणे म्हणजे चांगली कॉफी नव्हे. १९५०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी लोकांची आवड आणि कॉफीतल्या विरघळलेल्या घटकांचे प्रमाण यांचा मेळ घालणारा आलेख तयार केला. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के एवढा अंश पाण्यात उतरला तर चव समतोल राहते, हा त्याचा सारांश. बारा ग्रॅम पुडीतून जेमतेम अडीच ग्रॅम. कॉफीच्या धंद्यात हा आलेख आजही वापरात आहे.

उतरण्यालाही क्रम असतो. आम्ल चवीचे आणि फळांसारख्या वासाचे घटक चटकन पाण्यात येतात. गोडवा त्यामागोमाग. जड, कडू आणि तुरट घटक सर्वांत शेवटी निघतात. लवकर थांबले तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, फार वेळ रेटले तर कडवट होते. खळखळ उकळत ठेवलेल्या पातेल्यात दोन नुकसाने एकदम होतात. शेवटचे कडू घटकही ओरबाडले जातात आणि वासाचे हलके घटक वाफेबरोबर उडून जातात. आसपासच्या तंबूंपर्यंत कॉफीचा घमघमाट पोहोचला, तर तेवढा वास कपातून गेला असे समजावे.

यावर ताबा ठेवायला चार गोष्टी हाताशी असतात: पुडीचे दळण, पाण्याचे तापमान, पूड पाण्यात राहण्याचा वेळ आणि दोहोंचे प्रमाण. यातली एकही गोष्ट विजेवर चालणारी नाही. बारीक पुडीचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ती झटपट उतरते. भरड पुडीला वेळ लागतो. पाणी गार असेल तर वेळ वाढवावा लागतो किंवा पूड बारीक करावी लागते. एक बाजू कमी पडली की दुसरीने ती भरून काढायची, एवढेच हे शास्त्र आहे. डोंगरात ते फार कामाला येते, कारण तिथे तापमान माणसाच्या हातात नसते.

डोंगर ठरवतो तापमान

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. वर चढावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. हा संबंध इतका भरवशाचा आहे की एकोणिसाव्या शतकातले सर्वेक्षक उकळत्या पाण्यात तापमापक धरून डोंगराची उंची काढत.

चार्ल्स डार्विन १८३५ साली अँडीज पर्वत ओलांडत होता. मुक्कामावर बटाटे रात्रभर उकळत ठेवले तरी सकाळी ते कच्चेच निघाले. बरोबरच्या माणसांनी सगळा दोष नव्या कोऱ्या भांड्याला दिला, त्या मेल्या भांड्याला बटाटे शिजवायचेच नाहीत असे ठरवून टाकले. डार्विनने ही हकिगत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. पाणी उकळत होते, पण बटाटा शिजण्याइतके गरम नव्हते.

कॉफीसाठी पाणी साधारण ९२ ते ९६ अंशांच्या दरम्यान असावे, असे जाणकार मानतात. आता महाराष्ट्रातली ठिकाणे पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी शंभरला उकळते. तिथे आच बंद करून अर्धा-एक मिनिट थांबणे भाग आहे. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच. तिथे उकळते पाणी ९५ अंशांच्या आसपास असते. राज्यातले सर्वांत उंच शिखर असलेल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरवर ते साडेचौऱ्याण्णवच्या जवळ येते. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर निसर्गानेच पाणी कॉफीच्या मापात आणून ठेवलेले असते. उकळी फुटली, आच बंद केली, लगेच पूड टाकली, तरी चालते.

अडचण हिमालयात सुरू होते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ ५३६४ मीटरवर, तिथे हा आकडा ८२-८३ पर्यंत उतरतो. कितीही गॅस जाळला तरी उघड्या भांड्यातले पाणी त्याच्यावर तापत नाही. अशा ठिकाणी पूड नेहमीपेक्षा बारीक घ्यावी, वेळ दीड-दोन मिनिटांनी वाढवावा, भांड्यावर झाकण ठेवावे. गडद भाजलेली कॉफी तिथे सोयीची पडते, कारण जास्त भाजलेला दाणा अधिक सच्छिद्र होतो आणि कमी गरम पाण्यातही सहज उतरतो. फिकट भाजलेली, फुलाफळांच्या वासाची महागडी कॉफी लडाखमध्ये नेणाऱ्याच्या पदरी बहुधा आंबट पाणी पडते.

पातळ स्टीलचा पेला हाही उष्णतेचा चोर. थंडीत त्यात ओतलेले पाणी बघता बघता काही अंश गमावते. घोटभर गरम पाण्याने पेला आधी विसळून घेतला तर हे टळते. उलट बाजूची काळजीही घ्यावी. ६५ अंशांहून गरम पेये पिण्याची सवय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नोंदवले. ओठ पोळेपर्यंत गरम पिण्यात मर्दुमकी नाही.

पातेल्यातली कॉफी

यादवी युद्ध संपले आणि कॉफी पश्चिमेच्या गुराख्यांकडे गेली. १८६६ साली टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइटने लष्करी गाडीला मागे फळ्यांचे कपाट जोडून फिरते स्वयंपाकघर तयार केले. हजारो गुरे शेकडो मैल हाकत नेणाऱ्या तांड्याबरोबर ही गाडी चाले आणि तिच्यावर कॉफी दळायचे यंत्र हमखास असे. तोवर दाणे कच्चे विकत घेऊन तव्यावर भाजावे लागत. काही करपत, काही हिरवे राहत. पिट्सबर्गच्या आरबकल बंधूंनी भाजलेले दाणे एक पौंडाच्या कागदी पुड्यांत विकायला सुरुवात केली. वास टिकावा म्हणून दाण्यांवर अंडे आणि साखरेचा लेप देण्याचे पेटंट जॉन आरबकलने १८६८ साली घेतले. पुडीत पेपरमिंटची एक कांडीही असे. ती ज्याला हवी त्याने दाणे दळून द्यायचे, असा आचाऱ्याचा शिरस्ता सांगितला जातो.

उत्तर युरोपात ही पातेल्यातली कॉफी अजून जिवंत आहे. स्वीडनच्या दुकानांत उकळत्या पाण्यात टाकण्यासाठी मुद्दाम भरड दळलेली कॉफी वेगळी मिळते. दरडोई कॉफी पिण्यात जगात आघाडीवर असलेल्या फिनलंडमध्ये जंगलात जाणारा माणूस काजळी धरलेली किटली आणि बर्चच्या गाठीतून कोरलेला लाकडी पेला बरोबर नेतो. त्या पेल्याला तिथे कुक्सा म्हणतात. लाकूड उष्णता सावकाश सोडते, म्हणून उणे तापमानातही ओठ चिकटत नाहीत आणि कॉफी लवकर गार होत नाही.

ही पद्धत नीट केली तर तिला कोणत्याही महागड्या साधनाची बरोबरी करता येते. पाणी उकळावे. भांडे आचेवरून उतरवावे. पूड भरड हवी, जाड रव्यासारखी. ती पाण्यात टाकून एकदा ढवळावे आणि झाकण ठेवावे. चार मिनिटे हात लावू नये. या वेळात पूड वर तरंगून जाड थर तयार होतो, कारण भाजताना दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो आणि तो कणांना उचलून धरतो. ताज्या कॉफीचा थर जास्त फुगतो, शिळीचा बसका असतो. चार मिनिटांनी चमच्याने तो थर मोडावा. वायू सुटतो, कण भिजतात आणि खाली बसू लागतात. वरून दोन चमचे गार पाणी शिंपडले की बसण्याचे काम लवकर होते. आणखी दोन-तीन मिनिटे थांबून, भांडे न हिंदकळता, सावकाश ओतावे. तळचा अर्धा पेला सोडून द्यायचा.

गढूळपणा अजिबात नको असेल तर स्कँडिनेव्हियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांची युक्ती आहे. पुडीत एक अंडे फोडून कालवायचे आणि तो गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा. अंड्यातली प्रथिने थिजताना बारीक कण पकडून ठेवतात आणि वर स्वच्छ, सोनेरी कॉफी उरते. मिनेसोटा राज्यातल्या चर्चच्या पंगतींत ती अजून केली जाते.

पातेल्यातल्या कॉफीबद्दल एक वैद्यकीय नोंदही आहे. १९८३ साली उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या हृदयविकाराच्या अभ्यासात कॉफी पिणे आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचा संबंध दिसला. पुढच्या संशोधनात बोट न गाळलेल्या कॉफीतल्या तेलकट घटकाकडे, कॅफेस्टॉलकडे गेले. कागदी गाळणीत तो अडकतो, पातेल्यातून थेट कपात येतो. हा परिणाम रोजच्या अनेक कपांचा असतो. वर्षातून चार मुक्काम करणाऱ्याने त्याची धास्ती घ्यायचे कारण नाही.

पुड्या घरीच बांधाव्यात

मोकळ्यावर सर्वांत जास्त चुकते ते प्रमाण. अंधारात, गारठलेल्या हाताने, कुणाच्या तरी चमच्याने अंदाज घेतला जातो आणि कॉफी एकदा पाणीदार, एकदा विषासारखी होते. लिटरभर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड हे सर्वमान्य माप. दोनशे मिलिलिटरच्या कपाला बारा ग्रॅम म्हणजे पंधरा मिलिलिटरचे सपाट चमचे दोनाहून थोडे अधिक. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे निघण्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर साठ-साठ ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून ठेवणे. एक पुडी, एक लिटर, पाच कप. पाण्याच्या लिटरच्या बाटलीचे माप सॅकमध्ये असतेच.

दाणे तिथेच दळावेत की घरून दळून न्यावेत, यावर शौकिनांचे वाद झडतात. दळल्याबरोबर वास उडू लागतो आणि हवेतला ऑक्सिजन तेलांवर काम सुरू करतो, हे खरेच. हाताने फिरवायची छोटी चक्की मात्र चार-पाचशे ग्रॅमची असते. एका रात्रीच्या मुक्कामाला हवाबंद डब्यातली घरची पूड पुष्कळ. आठवडाभराच्या वाटचालीत चक्कीचे वजन वसूल होते.

पाण्याची बाब वेगळी. गडावरच्या टाक्याचे किंवा ओढ्याचे पाणी प्यायच्या आधी एक मिनिट खळखळून उकळावे, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. पाण्याला ही उकळी हवी, पुडीला नको. पाणी उकळून झाल्यावरच पूड घातली तर एकाच इंधनात दोन्ही कामे होतात. क्लोरीनच्या गोळ्या टाकलेले पाणी पिण्यापुरते ठीक, पण त्याचा वास कॉफीत ठळकपणे येतो.

सॅकमध्ये काय असावे

साधनांची यादी कितीही लांबवता येते. मोकळ्यावर टिकणारी मोजकीच. अ‍ॅलन अ‍ॅडलर या अमेरिकी अभियंत्याने आधी विक्रमी अंतर कापणारी फेकायची प्लास्टिकची कडी बनवली आणि २००५ साली एरोप्रेस हे कॉफीचे साधन आणले. मोठ्या इंजेक्शनच्या नळीसारखे ते दिसते. आत पूड आणि पाणी, तळाला कागदाची चकती, वरून हाताने दाबायचे. ते प्लास्टिकचे, हलके, न फुटणारे. मिनिट-दीड मिनिटात कप तयार होतो आणि चोथ्याची घट्ट वडी बाहेर पडते. मुख्य म्हणजे अ‍ॅडलरने स्वतः यासाठी सुमारे ८० अंशांचे पाणी सुचवले होते. लेहमध्ये हे साधन म्हणूनच अडत नाही. त्याची जागतिक स्पर्धाही भरते. २००८ साली ऑस्लोत झालेल्या पहिल्या स्पर्धेत अवघे तीन स्पर्धक होते.

कागदी गाळणीचे मूळ घरगुती आहे. १९०८ साली ड्रेस्डेनमधल्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद घेतला, पितळी भांड्याला भोके पाडली आणि चोथा नसलेली कॉफी गाळून दाखवली. तिच्या नावाची कंपनी आजही आहे. आज मिळणारे घडीचे शंकू याच कल्पनेचे. वाऱ्यात त्यावर पाणी ओतताना ते झपाट्याने निवते, एवढीच अडचण.

इटलीच्या अल्फोन्सो बियालेत्तीची १९३३ची अ‍ॅल्युमिनियमची मोका किटली दिसायला देखणी, पण छोट्या गॅसच्या शेगडीवर ती डुगडुगते. खाली जाळीचा तुकडा ठेवावा लागतो. वरच्या कप्प्यात कॉफी येऊ लागली आणि फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायची. अमेरिकी कॅम्पिंगच्या चित्रांत दिसणारा पर्कोलेटर मात्र घेऊ नये. त्यात तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळून पुडीवरून फिरवली जाते, म्हणजे पातेल्यातली चूक यंत्राने केली जाते.

भारतीय मुक्कामाला खरे तर दक्षिणेतला दोन मजली स्टीलचा फिल्टर उत्तम. वरच्या भोकांच्या भांड्यात बारीक पूड दाबून बसवायची, उकळीचे पाणी ओतायचे आणि विसरून जायचे. वीस-तीस मिनिटांत खाली दाट डिकॉक्शन जमते. आच लागत नाही, कागद लागत नाही, फुटायची भीती नाही. तंबू आवरेपर्यंत ते तयार असते. थंडीत फिल्टरभोवती पंचा गुंडाळला की झाले. या पुडीत बहुधा चिकोरी असते. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसते, पण रंग आणि दाटपणा भरपूर देते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. ते वाचून घेतलेले बरे.

आणि झटपट कॉफी? तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. १९३८ साली नेसकॅफे बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात झटपट कॉफीने जागा पटकावली. तिच्यातले उतरवण्याचे काम कारखान्यातच झालेले असते, त्यामुळे दळण, वेळ आणि उंची यांचा प्रश्नच उरत नाही. पाच हजार मीटरवर, डोके दुखत असताना, तोच पर्याय शहाणपणाचा असतो.

मराठी घरातली कॉफी मात्र दुधाची, जायफळ-वेलदोड्याची. तीही मुक्कामावर जमते. दुधाची भुकटी थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. थोड्या कोमट पाण्यात आधी तिची पेस्ट करावी. लिटरभर दुधाला सुमारे सव्वाशे ग्रॅम भुकटी लागते. जायफळ अगदी शेवटी, कपावर किसायचे, कारण त्याचा वासही उडून जाणाऱ्या तेलात असतो.

कॉफी जिथे पिकते तिथेच ती करून पिण्याची सोय महाराष्ट्रात एका ठिकाणी आहे. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे आणि तिथे इंग्रजांच्या काळापासून कॉफीची लागवड आहे. कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या तुलनेत ती अगदीच थोडी. पण मेळघाटच्या थंडीत तिथलीच पूड घेऊन, तिथल्या ९६ अंशांच्या उकळीत केलेली कॉफी चाखता येते.

आच

एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला आणायला हिशेबाने सात-आठ ग्रॅम गॅस पुरावा. वारा आणि भांड्याच्या कडेने निसटणारी उष्णता धरता प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट जातो. २३० ग्रॅमच्या डब्यात त्यामुळे साधारण पंधरा लिटर पाणी उकळते. झाकण ठेवणे आणि वाऱ्याला आडोसा करणे हे दोनच उपाय गॅस वाचवतात. आडोसा डब्याला चहूबाजूंनी गुंडाळू नये. डबा तापून फुटू शकतो.

थंडीत ज्योत मंदावते त्याचे कारण डब्यातल्या वायूत असते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ला. गोठणबिंदूजवळच्या हवेत निव्वळ ब्युटेनचा डबा भरलेला असूनही वायू सोडत नाही. हिमालयात जाणाऱ्याने मिश्रणाचा डबा घ्यावा आणि रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावा. रेल्वेने आणि विमानाने असे डबे नेता येत नाहीत, त्यामुळे ते पोहोचल्यावरच विकत घ्यावे लागतात. बाहेर कितीही गारठा असो, स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चुलीवरच्या कॉफीची हौस अनेकांना असते. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. राखीव जंगलात १९२७च्या वन कायद्याचे निर्बंध आहेत. चूल हवी तर ती पायथ्याच्या गावात, घरमालकाच्या अंगणात मांडावी.

राहिला चोथा. कॉफीचा चोथा खतासारखा आहे, झाडाला चालतो, असे म्हणून तो टाक्याच्या काठावर झटकला जातो. प्रत्येक गटाने तसे केले की महिन्याभरात तिथे काळा थर साचतो आणि पावसात तो पिण्याच्या पाण्यात उतरतो. गडावर मुक्कामाला आलेल्यांच्या मागे कुत्री असतात. कॅफिन त्यांना अपायकारक आहे आणि दुधासाखरेचा वास लागलेला चोथा ती खातात. ओला चोथा पिळून चेनच्या पिशवीत भरावा. त्याच पिशवीत कागदी चकत्या आणि रिकामी पाकिटे जातात, गॅसचा संपलेला डबा वेगळा ठेवायचा. पातेले साबणाशिवाय, मूठभर गरम पाण्याने आणि बोटांनी लगेच धुतले तर निघते. तासाभराने कॉफीचे तेल धरून बसते आणि दुपारच्या खिचडीला तिचा वास येतो.